चिखलातील विश्वविजेती

सायकलच्या शर्यतीत स्पर्धक खाली उतरतो आणि सायकल खांद्यावर टाकून पळत सुटतो, असे कोणी सांगितले असते तर वर्षभरापूर्वी मी हसले असते. आमच्या वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट काळ्या मातीची आहे. पावसाळ्यात चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल असा बसतो की चाक फिरतच नाही. मग उतरायचे, काडीने चिखल उकरायचा, पुन्हा दहा पावले जायचे. पारावरची मुले हसतात आणि कॉलेजचा पहिला तास बुडतो. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे तास बुडणे म्हणजे काय हे घरी समजावणेही कठीण. आमचे अण्णा एकदा सहज बोलून गेले, “पोरी, पावसाळाभर राहू दे ना कॉलेज.”

अशाच एका दिवशी चिखलाने माखलेली मी जिमखान्याजवळच्या नळावर पाय धूत होते. तेव्हा क्रीडाशिक्षक सरांनी मला बोलावून मोबाइलवर एक शर्यत दाखवली. त्या खेळाचे नाव सायक्लो-क्रॉस, आणि ती शर्यत जिंकणारी होती नेदरलँड्सची मारियाने व्हॉस.

आधी खेळाविषयी थोडे सांगते. युरोपातील हा हिवाळी खेळ आहे. रस्त्यावरच्या शर्यतींचा हंगाम संपला की शरीर तयार राहावे म्हणून सायकलपटू शेतातून, कुंपणे ओलांडून सायकली हाकीत, त्यातून तो वाढला. फ्रान्समध्ये १९०२ साली त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तीनेक किलोमीटरचा फेरा असतो आणि त्यात चिखल, वाळू, चढ, पायऱ्या आणि मुद्दाम उभ्या केलेल्या लाकडी फळ्या असतात. या फळ्यांची उंची ४० सेंटिमीटरपर्यंत असते. त्या आल्या की वेग न मोडता एक पाय मागून फिरवून उतरायचे, सायकल उचलायची, उड्या मारून पलीकडे जायचे आणि पळता पळताच पुन्हा सीटवर झेप घ्यायची. मोठा चढ असेल तर सायकलची आडवी दांडी खांद्यावर घेऊन धावायचे. टायर ३३ मिलिमीटरहून रुंद चालत नाही. त्यात हवा कमी ठेवतात, म्हणजे तो चिखलात पकड घेतो. मडगार्ड नसते, आणि चाकाभोवती चिखल निसटून जाईल एवढी जागा सोडलेली असते. शिवाय वाटेत एका ठिकाणी मदतनीस दुसरी सायकल धुऊन तयार ठेवतात.

म्हणजे या खेळात उतरणे ही नामुष्की नसून एक कसब आहे. जी लवकर आणि नीट उतरते तीच पुढे जाते. (आमच्या लेडीज सायकलींना आडवी दांडीच नसते, त्यामुळे खांदा घालायला जागाही नाही. मुलीला सायकल खांद्यावर घ्यावी लागेल, हे ती बनविणाऱ्यांच्या मनात आले नसावे.)

मारियानेचा जन्म १९८७ चा. बाबिलोनियनब्रूक नावाच्या लहानशा खेड्यात ती वाढली. थोरला भाऊ सायकल शर्यतीत जात असे, त्याच्यामागून तीही जाऊ लागली. पुरुषांची सायक्लो-क्रॉसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० पासून भरते. स्त्रियांची सुरू व्हायला २००० साल उजाडावे लागले. ती पहिली स्पर्धा जिंकणाऱ्या जर्मनीच्या हांका कुफ्फरनागेलला मारियानेने २००६ मध्ये झेडाम येथे शेवटच्या झेपेत हरविले. तेव्हा मारियाने अठरा वर्षांची होती, म्हणजे माझ्याहून एका वर्षाने लहान! त्याच वर्षी तिने रस्त्यावरच्या शर्यतीचेही विश्वविजेतेपद मिळविले.

पुढे २००९ ते २०१४ अशी ओळीने सहा वर्षे सायक्लो-क्रॉसची विश्वविजेती तीच. २०१३ ची स्पर्धा अमेरिकेत लुईव्हिल येथे होती. ही स्पर्धा युरोपाबाहेर प्रथमच जात होती. ओहायो नदीला पूर येण्याची चिन्हे दिसल्याने दोन दिवसांच्या शर्यती एकाच दिवसात उरकाव्या लागल्या. त्या चिखलात तिने दुसऱ्या क्रमांकाला दीड मिनिटाहून अधिक मागे टाकले.

पण मला तिच्या विजयांपेक्षा दुसरीच एक ओळ अधिक वाचावीशी वाटते. रस्त्यावरच्या विश्वस्पर्धेत २००७, २००८, २००९, २०१० आणि २०११ अशी लागोपाठ पाच वर्षे ती दुसरी आली! एकदा दुसरी येणे समजू शकते. पाच वेळा, तेही बहुतेक वेळा अखेरच्या काही मीटरमध्ये हुकणे, हे कसे सोसले असेल? हिवाळ्यात चिखलात ती अजिंक्य आणि पानगळीच्या आधी डांबरावर पराभूत, असे हे चक्र चालले होते. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकची शर्यत भर पावसात तिने जिंकली. त्यानंतर काही आठवड्यांनी आपल्याच देशात रस्त्यावरचे विश्वविजेतेपदही तिने परत मिळविले.

मग २०१५ आले. जानेवारीत सायक्लो-क्रॉसमध्ये तिसरा क्रमांक लागला. तिच्याच संघातील फ्रान्सची पॉलिन फेराँ-प्रेव्हो जिंकली. मांडीच्या स्नायूची दुखापत आणि अतिसरावाचा थकवा यांमुळे तो सारा हंगाम तिला सोडावा लागला. विश्रांती घेणे हाच ज्यावर उपाय, असे दुखणे कष्टाळू माणसाला फार जड जात असले पाहिजे. ती परतली, पण पहिल्यासारखी नाही. २०१७ मध्ये सायक्लो-क्रॉसमध्ये ती दुसरी आली. लोक तिला मागच्या पिढीत धरू लागले असतील.

सरांनी दाखविलेली शर्यत २०२२ सालची, अमेरिकेतील फेएटव्हिलची. मारियाने तेव्हा ३४ वर्षांची होती. आदल्या वर्षीची विजेती लुसिंडा ब्रांड आणि ती, दोघी शेवटपर्यंत बरोबर. अखेरच्या सरळ वाटेवर ब्रांड पुढे होती. मारियाने तिच्या मागून निघाली आणि रेषेपूर्वी पुढे गेली. हे तिचे सायक्लो-क्रॉसचे आठवे विश्वविजेतेपद. स्त्रियांत इतकी कोणाचीच नाहीत. पहिले आणि आठवे यांत सोळा वर्षांचे अंतर आहे.

तिने आणखी एक काम केले. २०१३ मध्ये तिने इतर काही खेळाडूंसह टूर द फ्रान्समध्ये स्त्रियांनाही स्थान द्यावे अशी जाहीर मागणी केली. २०१४ मध्ये पॅरिसमध्ये स्त्रियांची एक दिवसाची शर्यत झाली. ती तिनेच जिंकली. २०२२ मध्ये स्त्रियांची अनेक दिवसांची टूर सुरू झाली, तेव्हा आघाडीचा पिवळा सदरा काही दिवस तिच्या अंगावर होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, रस्त्यावरच्या शर्यतीत तिने रौप्यपदक मिळविले. पुन्हा दुसरा क्रमांक!

ती चित्रफीत मी घरी अण्णांना दाखविली. मुली सायकल खांद्यावर घेऊन पळताना पाहून ते काही बोलले नाहीत. पुन्हा एकदा लावायला सांगितली. मग विचारले, “हिच्या सायकलला मडगार्ड कसं नाही?” मी कारण सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते, तर पाना घेऊन ते माझ्या सायकलपाशी बसलेले आणि दोन्ही मडगार्ड काढून भिंतीला टेकवलेली. आता चाक अडत नाही. पाठीवर मात्र चिखलाचा पट्टा उठतो, म्हणून मी दप्तरात दुसरा कुडता ठेवते.