छोट्या मोटारीचे आरसे आणि दिवे

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने फोक्सवॅगन बीटल या मोटारीची प्लॅस्टिकची प्रतिकृती जोडायला घेतली. तिचे प्रमाण होते १:२४. खरी बीटल सुमारे ४ मीटर ७ सेंटिमीटर लांब. म्हणून ही १७ सेंटिमीटरांची. चाके, आसने भराभर बसली. घोडे अडले ते रंगाशी, आणि आरसे, दिवे, वायपर या चिमुकल्या भागांशी.

आधी रंगाचे पाहू. खऱ्या मोटारीवर रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण ०.१ मिलिमीटर भरते. तेवढाच थर प्रतिकृतीवर दिला तर काय होईल? २४ ने गुणा. खऱ्या मोटारीला २.४ मिलिमीटर जाडीचा लेप थापल्यासारखे ते दिसेल! शिवाय पृष्ठताणामुळे ओला रंग धारदार कडांवरून मागे सरतो आणि दाराभोवतीच्या बारीक खाचांत जमतो. म्हणजे हवा तिथे नाही आणि नको तिथे भरपूर. म्हणून रंग पातळ करून, एक थर वाळल्यावर दुसरा, असा द्यावा लागतो.

भाच्याने पहिला थर जुलैतल्या एका कुंद दुपारी फवारला. पाहता पाहता निळा रंग दुधी झाला. रंगातला द्रावक उडून जाताना उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी गार होते तसाच पृष्ठभाग गार होतो, त्याचे तापमान दवबिंदूखाली जाते आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर दवासारखी जमते. तो थर बारीक वॉटर पेपरने घासून काढावा लागला. उघडीप मिळाल्यावर दिलेला रंग मात्र छान बसला.

आता जोडकाम. अशा मोटारी बहुधा पॉलिस्टायरीनच्या असतात. त्यांचे 'सिमेंट' म्हणजे खरे तर डिंक नव्हे, द्रावक. ते दोन्ही कडा विरघळवते, दोन्हींकडील लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात आणि द्रावक उडून गेला की एकसंध सांधा उरतो. मधे रंग असेल तर सिमेंट प्लॅस्टिकपर्यंत नीट पोहोचत नाही. सांध्यापुरता रंग आधी खरवडावा. चकचकीत बंपरवर निर्वात जागेत चढवलेला धातूचा अतिशय पातळ थर असतो, त्याचेही तेच. कोरडे भाग जुळवून धरा आणि फटीला सिमेंटचा ब्रश नुसता टेकवा. केशाकर्षणाने ते आपोआप आत धावते. फटीवर तुमचे बोट असेल तर बोटाखालीही धावते, आणि रंगावर ठसा उमटतो. हे काम खिडक्या उघड्या ठेवून, ज्योतीपासून दूर करावे. द्रावकाची बाष्पे नाकाला वाईट आणि ज्वालाग्राही.

दिव्यांच्या काचांसाठी, लवकर होईल म्हणून, सायनोअ‍ॅक्रिलेट हा झटपट चिकटणारा गोंद मीच सुचवला. काचा लावून मोटार खोक्यात बंद केली. सकाळी पाहतो तर काचांवर पांढरी साय, आणि डाव्या काचेवर अंगठ्याचा स्पष्ट ठसा! "काचेला हात कुणी लावला?" म्हणून मी भाच्याला रागावलो. तो काही बोलला नाही. भिंग घेऊन आला. ठसा त्याच्या अंगठ्याहून बराच मोठा होता. माझाच होता.

या गोंदाची वाफ ओलाव्याशी संयोग पावताच तिचे पांढरे बहुवारिक बनते, आणि बोटाच्या ठशावर ते अधिक जमते. गुन्ह्याच्या तपासात अदृश्य ठसे उमटवायला हीच युक्ती वापरतात. काचांना फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद बरा. त्यातले पाणी उडाले की तो पारदर्शक होतो.

आरशाचे कोडे निराळे आहे. समजा, खऱ्या आरशाचे वस्तुमान अर्धा किलोग्रॅम आहे. तशाच पदार्थाच्या प्रतिकृतीत ते २४ च्या घनाने, म्हणजे १३,८२४ पटींनी कमी होऊन ३६ मिलिग्रॅम होईल. सांध्याचे क्षेत्रफळ मात्र ५७६ पटींनीच घटते. म्हणजे आरशाच्या वजनाचा सांध्यावरचा ताण २४ पटींनी कमी! तरी भाच्याचा आरसा दोनदा निखळला. कारण मोटार लहान झाली, तिला उचलणारी बोटे तेवढीच राहिली. शेवटी अर्ध्या मिलिमीटरचे भोक पाडून आत विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार बसवली. आता आरसा हलत नाही.

काचेवरची साय घासून जाईल, असे मी भाच्याला सांगितले. उजवा दिवा त्याने लख्ख केला. डाव्याला हात लावू देत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला भिंगासकट दाखवतो.