चुकून पडलेले नाणे

नाण्याला किंमत येते ती त्यावरील राजमुद्रेमुळे. परंतु क्वचित एखाद्या नाण्याला टांकसाळीच्या चुकीमुळे त्याहून लाखो पटींनी अधिक किंमत येते. अमेरिकेचा १९४३ सालचा तांब्याचा सेंट हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण होय.

दुसऱ्या महायुद्धात तांबे दारूगोळ्यासाठी हवे होते. म्हणून त्या साली अमेरिकन सरकारने जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे सेंट काढले. (त्याच साली हिंदुस्थानात मध्ये भोक असलेला पैसा निघाला, तोही धातूच्या काटकसरीपोटीच, जुन्या घरांतील डब्यांत तो अजून सापडतो.) पोलादी सेंट एक अब्जाहून अधिक पडले. मात्र आदल्या वर्षीच्या काही कोऱ्या चकत्या, ज्यांत पंचाण्णव टक्के तांबे होते, यंत्राजवळच्या पेट्यांत अडकून राहिल्या असाव्यात, आणि पोलादी चकत्यांबरोबर त्याही नव्या ठशाखाली गेल्या. अशी अस्सल नाणी आज मोजकीच ज्ञात आहेत. डेन्व्हर येथील टांकसाळीचे तर एकच.

१९४७ साली मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड येथे सोळा वर्षांच्या एका मुलाला शाळेच्या उपाहारगृहात सुट्ट्या पैशांत असा एक सेंट मिळाला. असे नाणे आणून देणाऱ्यास हेन्री फोर्ड मोटार बक्षीस देणार, अशी अफवा तेव्हा पसरली होती. मुलाने चौकशी केली; ती अफवा निराधार ठरली. सरकारच्या अर्थखात्याकडून उत्तर आले की १९४३ चे सारे सेंट पोलादाचेच आहेत. उत्तर नियमाला धरून होते. नाणे मात्र नियमाबाहेरचे होते. मुलाने ते जन्मभर जपले. त्याच्या निधनानंतर जानेवारी २०१९ मध्ये ते लिलावात दोन लाख चार हजार डॉलरांना विकले गेले. डेन्व्हरच्या एकमेव नाण्याला तर २०१० साली सतरा लाख डॉलर आले होते.

अशी वार्ता वाचून ज्याच्या हाती तांबूस सेंट येतो त्याची झोप उडते, यात नवल नाही. परंतु अशा शेकडो नाण्यांतील बहुतेक सारी बनावट निघतात, हेही तितकेच खरे. पहिली परीक्षा लोहचुंबकाची. पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देऊन फसविण्याचा प्रकार जुना आहे. तसे नाणे चुंबकाला तत्काळ चिकटते. दुसरी परीक्षा वजनाची. अस्सल तांब्याचा सेंट ३.११ ग्रॅम भरतो, पोलादी सुमारे २.७० ग्रॅम. पण १९४८ सालच्या खऱ्याखुऱ्या तांब्याच्या सेंटवरील आठाच्या आकड्याची डावी बाजू खरवडून त्याचा तीन केलेला असेल, तर तो या दोन्ही परीक्षांत उत्तीर्ण होतो! तेथे भिंग घ्यावे. अस्सल तीनचे खालचे शेपूट लांब, शेजारच्या आकड्यांच्या तळरेषेखाली उतरणारे असते; आठातून कोरलेल्या तीनला ते कोठून येणार? शिवाय भोवती खरवडल्याच्या खुणा राहतात. नाणे संपूर्णपणे खोट्या ठशाखाली पाडलेले असेल, तर मात्र घरगुती परीक्षा थकतात. मग क्ष-किरणांनी धातूचे पृथक्करण करून आणि ठशाच्या बारीक खुणा ज्ञात नाण्यांशी ताडून पाहणारे तज्ज्ञच निर्णय देऊ शकतात. ते अस्सल नाणे क्रमांक घातलेल्या प्लास्टिकच्या डबीत मोहोरबंद करून परत देतात.

तोवर नाणे घासूपुसू नये. चिंच, लिंबू वा पितळेची पावडर यांनी भांडी उजळतात. नाण्यावरील काळाची छटा मात्र एकदा गेली की परत येत नाही, आणि तिच्याबरोबर किमतीचा मोठा वाटाही जातो.

तज्ज्ञांकडे नाणे पोहोचविणे हे दुसरे संकट. प्रथम दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत, वजन टिपून ठेवावे. मऊ विनाइलचे पाकीट टाळावे. त्यातून निघणाऱ्या आम्लाने तांब्यावर हिरवट डाग पडतात. नाणे निर्धोक डबीत, डबी दोन पुठ्ठ्यांमध्ये घट्ट, आणि ते सारे पेटीत असे बसवावे की हलविल्यास आवाज होऊ नये. पेटीवर नाण्याचा उल्लेख नसावा. अमेरिकेत यासाठी रजिस्टर टपालच पसंत करतात. ते मंद असते, कारण प्रत्येक टप्प्यावर हाती घेणारा सही करतो आणि वस्तू कुलपात राहते. पेटीचे सांधे कागदी पट्टीने चिकटवावे लागतात. टपालाचा शिक्का त्यांवर उमटतो आणि पट्टी कोणी उचकटली तर लपत नाही. १९५८ साली होप हिरा न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनच्या संग्रहालयाकडे साध्या तपकिरी कागदात गुंडाळून याच टपालाने गेला होता.

विमा पन्नास हजार डॉलरपर्यंत मिळतो. येथे एक विचित्र पेच उभा राहतो : भरपाई सिद्ध झालेल्या मूल्याचीच होते, आणि परीक्षेपूर्वी नाण्याचे मूल्य सिद्ध झालेलेच नसते. म्हणून पहिल्या प्रवासात खरा भरवसा विम्यापेक्षा सह्यांच्या साखळीवर ठेवावा लागतो. ज्यांना तोही पुरेसा वाटत नाही, ते नाणे खिशात घालून स्वतःच तज्ज्ञांच्या दारी जातात. परतीच्या प्रवासात मात्र दाखला हाती असतो, आणि विमा त्या किमतीचा उतरविता येतो.