वरचं दूध निवडताना

आईचं दूध बाळाला देताच येत नाही, अशी वेळ काही घरांवर खरोखर येते. आई बाळंतपणात दगावलेली असते, तिची केमोथेरपी चालू असते, किंवा बाळालाच गॅलॅक्टोसेमियासारखा जन्मजात विकार असतो. (‘दूध पुरत नाही’ ही शंका यात धरू नये, नीट मदत मिळाली तर बहुतेक आयांचं दूध वाढतं.) मग घरात विचारलं जातं, सगळ्यात पौष्टिक दूध कोणतं? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या आतड्यांना आणि मूत्रपिंडांना कोणतं दूध पेलवेल, आणि ते आपल्या घरात दिवसरात्र, दर खेपेला नीट तयार होईल का, हे आधी पाहायला हवं.

आईच्या 100 मिलिलिटर दुधात प्रथिनं साधारण 1 ग्रॅम असतात, गाईच्या दुधात 3 ग्रॅमहून अधिक आणि म्हशीच्या दुधात त्याहूनही जास्त. झपाट्याने वाढणाऱ्या वासराला ती लागतात. बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना मात्र जादा प्रथिनांचा आणि क्षारांचा निचरा करावा लागतो, त्यात शरीरातलं पाणी खर्ची पडतं, आणि जुलाब-ताप आला की असं बाळ लवकर सुकतं. शिवाय गाईच्या दुधात लोह फार कमी असतं, आणि काही बाळांच्या आतड्यांतून या दुधामुळे नकळत थोडं थोडं रक्त जात राहतं. पंडुरोगाची सुरुवात तिथे होते. शेळीचं दूध पचायला हलकं म्हणून देतात, पण त्यात फोलेट पुरेसं नसतं. राहिला पाणी घालण्याचा उपाय. पाण्याने क्षार उतरतात तसे स्निग्धांश आणि उष्मांकही उतरतात, आणि लोहाची उणीव आहे तशीच राहते. पोट भरतं, वजन मात्र वाढत नाही.

म्हणून पहिली पसंती दुसऱ्या आईच्या दुधाला, पण ते मातृदुग्धपेढीतून आलेलं हवं. आशियातली पहिली पेढी 1989 साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. पेढीत दात्या आईची तपासणी होते आणि दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवलं जातं; ओळखीतून परस्पर आणलेल्या दुधाला ही खात्री नसते. पण पेढीतलं दूध मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांना पुरवावं लागतं. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी उरतो तो पहिल्या टप्प्याचा फॉर्म्युला. गॅलॅक्टोसेमिया असेल तर मात्र पेढीतलं दूधही नको, डॉक्टरांच्या सल्ल्याने लॅक्टोज नसलेला, सोयाबीनचा फॉर्म्युलाच हवा. ही पावडर निर्जंतुक नसते. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ते 70 अंशांच्या खाली उतरण्यापूर्वी मोजून घ्यायचं, डब्यातल्याच चमच्याने सपाट माप टाकायचं, दूध कोमट करून पाजायचं आणि उरलेलं फेकून द्यायचं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं, कारण ते घासून उकळणं सोपं.

‘आमच्या वेळी सगळी गाईच्या दुधावरच वाढली’ असं घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात. वाढली ती आज सांगायला आहेत. 1971 साली देशात हजारामागे 129 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. त्याची कारणं अनेक होती, पण तो काळ निर्धोक होता असं म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की फॉर्म्युला इतका चांगला, तर 1992 च्या कायद्याने त्याच्या जाहिरातीवर बंदी का? ज्या आया स्वतःचं दूध पाजू शकतात त्यांना कंपन्यांनी भुलवू नये, म्हणून. ज्या बाळाला आईचं दूधच नाही, त्याच्यासाठी तो गरजेचाच आहे, आणि त्याच्या विक्रीला कायद्याची आडकाठी नाही.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे आणि मला तोच सगळ्यात गंभीर वाटतो. डबा महिनाभर पुरावा म्हणून चमचे कमी टाकले, तर ते बाळाला उपाशी ठेवणंच झालं. इथे एक दिलासा आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, आईचं दूध न मिळणाऱ्या बाळाला सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नाबरोबर जनावराचं दूधही चालतं. म्हणजे खरी ओढाताण पहिल्या सहा महिन्यांची. तेवढ्या काळात पैसे कमी पडू लागले, तर पावडर पातळ करण्याआधी आशाताईंना किंवा सरकारी रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांना तसं स्पष्ट सांगा, आणि बाळाचं वजन नियमित करून घ्या.