घरगुती पर्यायी वीज : क्षमतेइतकीच सुरक्षित जोडणीही महत्त्वाची

म्हैसूर शहराचे विजेशी नाते जुने आहे. कावेरी नदीवरील शिवनसमुद्र जलविद्युत केंद्रातून १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली आणि १९०८ मध्ये म्हैसूर शहरात विजेचे दिवे लागले. तरीही एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसात झाडे तारांवर कोसळली, की येथील वीजपुरवठा खंडित होतो. अशा वेळी छोट्या घरासाठी पर्यायी व्यवस्था करताना दोन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावी लागतात. वीज किती हवी आणि ती घराबाहेर तर जाणार नाही ना?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर साध्या हिशेबाने मिळते. प्रत्येकी ७५ वॅटचे दोन पंखे, ९ वॅटचे चार एलईडी दिवे, ७० वॅटचा दूरचित्रवाणी संच आणि १० वॅटचा राउटर यांचा एकूण भार २६६ वॅट होतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत कागदोपत्री १८०० वॅट-तास ऊर्जा असते. मात्र रूपांतरात होणारी घट आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याचे पथ्य लक्षात घेता त्यातील सुमारे ११०० वॅट-तासच हाती येतात. म्हणजेच हा भार सुमारे चार तास चालतो. त्याच जागी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे बसविल्यास हा कालावधी सहा तासांवर जातो. गिझर, इस्त्री आणि पाण्याचा पंप या व्यवस्थेवर जोडू नयेत.

छतावर सौरसंच बसविणाऱ्यांनी एक बाब ध्यानात घ्यावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेमुळे असे संच वाढले आहेत. परंतु केवळ ग्रीडशी जोडलेला संच वीज जाताच आपोआप बंद होतो. भर उन्हातही तो घराला वीज देत नाही. त्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते.

संच बंद होण्यामागील कारणातच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. जनरेटरची वीज दोन्ही टोकांना प्लग असलेल्या वायरने घरातील सॉकेटमध्ये सोडल्यास ती मीटरमधून उलट दिशेने बाहेरच्या तारांत जाते. वाटेतील रोहित्र तिचा दाब वाढविते आणि बंद समजल्या गेलेल्या वाहिनीत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊ शकतो. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या प्राणावर हे बेतू शकते. म्हणून फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी तोडणारा चेंजओव्हर स्विच परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून बसवून घेणे अत्यावश्यक आहे. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांचीही तपासणी करून घ्यावी.

पाणी घालाव्या लागणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी ज्वलनशील हायड्रोजन वायू बाहेर पडतो. त्यामुळे ती शयनगृहात, स्वयंपाकघरात किंवा बंद कपाटात न ठेवता हवेशीर जागी ठेवावी. तिच्यात केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे पाणी किंवा आम्ल घालू नये. २६६ वॅटच्या भारालाही बॅटरीच्या तारांतून सुमारे २५ अँपिअर प्रवाह वाहतो. त्यामुळे बारीक तार तापून आग लागू शकते. जाड तार आणि बॅटरीलगत फ्यूज हवाच. लिथियम फॉस्फेट बॅटरी महाग असली तरी अधिक काळ टिकते. मात्र तिचे चार्जिंग मान्य असलेलाच इन्व्हर्टर निवडावा.

जनरेटर घरात, व्हरांड्यात किंवा खिडकीजवळ कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेऊ शकतो.

ही जोडणी वादळ येण्यापूर्वीच, दिवसाउजेडी करून घ्यावी. अंधारात घाईने जोडलेली एक वायर घरातील दिवे लावील, पण त्याची किंमत रस्त्यावरच्या खांबावर चढलेल्या कोणाला तरी मोजावी लागू शकते.