एक अभंग, दोन गळे



चित्रपट हा करमणुकीचा विषय. त्यावर व्याख्यान कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात व थिएटरच्या स्वस्त बाकावर अधिक झाले, तेव्हा शास्त्राची परिभाषा आमच्यापाशी नाही. पण गिरणीच्या दरवाजावर सभा घेणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळते. पहिल्या दोन मिनिटांत कामगार थांबला तर थांबला. नाहीतर सायकलवर टांग टाकून तो घरी जातो. तिकीट काढलेला प्रेक्षक उठून जात नाही, पण त्याचे मन मात्र उठून जाते.

म्हणून आरंभीच्या प्रसंगावर दोन कामे पडतात. ही माणसे कोणत्या जातकुळीची आहेत ते दाखवायचे, आणि यांच्यात पुढे काहीतरी पेटणार आहे अशी धास्ती लावून द्यायची. हेही सांगून नव्हे, तर घडवून.

‘प्रभात’चा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ पहा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. आरंभी विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या रूपात बसून अभंग गात आहेत. कॅमेऱ्याला घाई नाही. तो गाणाऱ्या माणसापाशी थांबतो, जणू श्रोताच झाला आहे. समोर माणसे आहेत की नाहीत याची तुकोबांना फिकीर नाही. एवढ्यात स्वभाव कळला.

मग दृश्य बदलते. तोच अभंग मंदिरात सालोमालो गात आहे, आपलीच रचना म्हणून! शब्द तेच, पण तुकोबांचे लक्ष विठ्ठलाकडे, तर याचे लक्ष श्रोत्यांकडे. दुसरा स्वभावही कळला, आणि त्याला दुष्ट म्हणण्याची कोणाला गरज पडली नाही.

आता ताण कोठून आला ते पहा. चोरी झाली हे आपल्याला ठाऊक आहे. सालोमालोच्या श्रोत्यांना ते ठाऊक नाही. हे अंतर जोवर मिटत नाही, तोवर आपल्याला चैन नाही. क्रम उलटा असता, सालोमालो आधी दिसला असता, तर आपणही त्यालाच धनी समजलो असतो. पुढे गाथा इंद्रायणीत बुडविण्यापर्यंत प्रकरण जाते. त्याचे बी येथे पेरलेले आहे. ज्याने घाम गाळला त्याच्या नावावर काही नाही, आणि ज्याने उचलले त्याचा उदोउदो! आमच्या हिंगणघाट-पुलगावच्या गिरणी कामगाराला हे समजावून सांगावे लागत नाही. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही या चित्रपटाचा गौरव झाला.

अलीकडचे उदाहरण चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चे. हा चित्रपट २०१४ चा. नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी त्यात लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला. म्हातारा मुलांची शिकवणी घेतो, मग वस्तीतल्या मंचावर जाऊन गातो, आणि कार्यक्रम चालू असतानाच पोलीस त्याला न्यायला येतात. कॅमेरा लांब उभा, शांत. रडारड नाही, आदळआपट नाही. शिक्षक आणि शाहीर म्हणून ज्याची ओळख नुकतीच झाली, तो आता केवळ आरोपी होणार. त्याचा गुन्हा काय, हा प्रश्न मनात ठेवून आपण पुढचा चित्रपट पाहतो.

शेवटी एक गंमत. ‘संत तुकाराम’मधला एक अभंग तुकोबांच्या गाथेतला नाही. तो शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचला, आणि इतका साधला की पुष्कळांनी तो तुकोबांचाच मानला. येथे चोरी कोणाची नाही. तरी रचणाऱ्याचे नाव मागे पडलेच. तेव्हा यापुढे चित्रपटाला जाल तेव्हा वेळेवर जा, आणि आरंभीची नामावलीही वाचा. तीही कामाची हजेरीच आहे.