हिमप्रदेशातील छोटा ट्रॅक्टर

नाशिक किंवा सांगलीकडील द्राक्षबागांतून, वेलींच्या दोन ओळींमधील अरुंद जागेत फिरणारा वीस-पंचवीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाचा आहे. जवळजवळ याच आकाराचे यंत्र अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील व्हरमाँट राज्यात उन्हाळाभर गवत कापते, जळाऊ लाकडाचे ओंडके वाहते, आणि ऑक्टोबर सरत आला की एका अगदी निराळ्या कामासाठी सज्ज केले जाते. घरापासून सार्वजनिक रस्त्यापर्यंतच्या वाटेवर साचणारे हिम दूर करणे हे ते काम होय.

व्हरमाँट हे डोंगराळ, जंगलमय आणि विरळ वस्तीचे राज्य आहे. लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या तालुक्याइतकी. घरे एकमेकांपासून दूर आणि रस्त्यापासून आत असतात. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत हिमवर्षाव होतो. बर्लिंग्टन या तेथील सर्वांत मोठ्या शहरात वर्षाकाठी सरासरी दोन मीटर हिम पडते, डोंगरावर त्याहून पुष्कळ अधिक. जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरणे ही तेथे नवलाची गोष्ट मानली जात नाही.

गावचे रस्ते मोकळे ठेवणे ही तेथील 'टाउन' या स्थानिक संस्थेची जबाबदारी असते. हा टाउन म्हणजे शहर नव्हे; आपल्या ग्रामपंचायतीशी मिळतीजुळती अशी ती संस्था आहे. दरवर्षी मार्चच्या पहिल्या मंगळवारी टाउनची वार्षिक सभा भरते, आणि रस्त्यांवरील खर्चाचे अंदाजपत्रक अनेक ठिकाणी अजूनही भर सभेत चर्चेला येऊन मतास टाकले जाते. ग्रामसभेचा अनुभव असलेल्या पंचायत सदस्यांना त्या चर्चेत अनोळखी असे थोडेच वाटेल.

तथापि टाउनची जबाबदारी सार्वजनिक रस्त्यापाशी संपते. तेथून घरापर्यंतची पन्नास, शंभर, कधी तीनशे मीटरची वाट घरमालकाने स्वतः मोकळी करावयाची असते. त्यातही एक गंमत अशी, की टाउनचा मालमोटारीस जोडलेला फाळ रस्ता साफ करीत जातो तेव्हा बाजूस सारलेल्या हिमाचा एक बांधच प्रत्येक घराच्या वाटेच्या तोंडाशी टाकून जातो. हा बांध दबलेला आणि ओला असतो व रात्रीतून दगडासारखा गोठतो. वाट बंद राहिली तर घर तापविण्याचे तेल घेऊन येणारी गाडी आत येऊ शकत नाही, मुलांना शाळेच्या बसपर्यंत पोहोचता येत नाही, आणि रात्री कोणी आजारी पडल्यास रुग्णवाहिका रस्त्यावरच थांबते. वयोवृद्धांचे प्रमाण ज्या अमेरिकी राज्यांत अधिक आहे त्यांत व्हरमाँटची गणना होते. फावड्याने हिम उपसताना हृदयविकाराचा झटका येऊन दरवर्षी त्या देशात माणसे दगावतात. कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या असतात आणि त्यातच हे अवजड काम करावे लागते.

हे काम किती अवजड आहे हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. शंभर मीटर लांब व तीन मीटर रुंद वाटेवर तीस सेंटीमीटर हिम पडले तर त्याचे आकारमान नव्वद घनमीटर होते. नुकतेच पडलेले भुसभुशीत हिम घनमीटरला शंभर किलोच्या आसपास भरते असे धरले, तर नऊ टन वजन हलविणे आले. हेच हिम ओले होऊन दबले तर वजन तिप्पट-चौपट होते. आणि हे एकदा नव्हे, तर हिवाळ्यात पंधरा-वीस वेळा.

मोटारी येण्यापूर्वी ही अडचण वेगळ्या रीतीने सोडविली जात असे. त्या काळी हिम काढून टाकीत नसत. घोडे जुंपलेले अवजड लाकडी रूळ त्यावर फिरवून ते दाबून घट्ट करीत, म्हणजे चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर घसरणाऱ्या गाड्या सुखाने धावत. व्हरमाँटमधील छप्पर असलेल्या लाकडी पुलांवर हिम पडत नसे, तेव्हा गाड्या अडू नयेत म्हणून बाहेरचे हिम मुद्दाम आत आणून पसरावे लागे. मोटार आली आणि मोकळ्या रस्त्याची गरज निर्माण झाली. शेजारच्या कॅनडातील क्वेबेक प्रांतात आर्थर सिकार्ड यांनी १९२५ मध्ये हिम उडवून दूर फेकणारे यंत्र तयार केले. पुढे १९७० च्या दशकात भातखाचरांसाठी बनविलेले जपानी छोटे ट्रॅक्टर अमेरिकेत पसरू लागले आणि घरोघरच्या वाटेलाही यंत्र मिळाले. मुंबईत मुख्य कार्यालय असलेल्या महिंद्र कंपनीने १९९४ मध्ये अमेरिकेत आपली उपकंपनी स्थापन केली. तिचे लाल ट्रॅक्टरही आज या कामावर दिसतात.

अवजाराची निवड

ट्रॅक्टरला हिमासाठी जोडावयाची अवजारे मुख्यत्वे तीन प्रकारची असतात. पुढच्या लोडरची बकेट बहुतेकांकडे असतेच. ती हिम उचलून दूर टाकू शकते, पण लांब वाटेवर तिचे काम फार संथ चालते. दुसरे अवजार म्हणजे तिरपे करता येणारे पाते. मागील तीन बिंदू जोडणीला लावलेले पाते सर्वांत स्वस्त पडते. हॅरी फर्ग्युसन यांनी रूढ केलेली ही जोडणी आपल्याकडील प्रत्येक ट्रॅक्टरवर आहे, त्यामुळे तिचे वर्णन करण्याचे कारण नाही. पात्याची मर्यादा अशी, की ते हिम केवळ बाजूला सारते. प्रत्येक वादळानंतर कडेचा ढीग वाढत जातो आणि वाट अरुंद होत जाते. म्हणून पहिल्याच हिमाला ते आवश्यकतेपेक्षा बरेच दूर ढकलून ठेवावे लागते. डिसेंबरमध्ये हा आळस करणाऱ्याची वाट फेब्रुवारीत हमखास बंद होते.

तिसरे अवजार हिमफेक यंत्र. आपल्याकडे रोटाव्हेटर ज्या पी.टी.ओ. दांड्यावर, मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या गतीने चालतो, त्याच दांड्यावर मागे जोडलेले हे यंत्रही चालते. समोरचा मळसूत्री दंड हिम कुरतडून मध्यभागी आणतो, आणि आतील पंखा ते नळकांड्यातून दहा-पंधरा मीटर दूर फेकतो. कडेला ढीग साचत नाही, हा याचा मोठा लाभ. पंचवीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला साधारणतः पाच फूट रुंदीचे यंत्र शोभते. मात्र मागे जोडलेले यंत्र चालविताना ट्रॅक्टर उलटा हाकावा लागतो व तास-दोन तास मान मागे वळवून बसावे लागते. पुढे जोडावयाचे यंत्र मिळते, पण ते बरेच महाग असते. एखादा गोठलेला दगड दंडात अडकल्यास यंत्राची मोडतोड होऊ नये म्हणून त्यात मुद्दाम कमजोर ठेवलेले शिअर बोल्ट असतात. धक्का बसताच बोल्ट तुटतो आणि गिअर वाचतो. त्याजागी बाजारातील कणखर बोल्ट बसविणारा माणूस दहा रुपये वाचवून हजारांचे नुकसान करून घेतो. हा अनुभव रोटाव्हेटर वापरणाऱ्यांस नवा नसावा.

वजन आणि पकड

छोट्या ट्रॅक्टरची खरी अडचण शक्तीची नसून पकडीची असते. यंत्र हलके, जमीन निसरडी. उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात, हे महाराष्ट्रात सर्वांनी पाहिले आहे. लोडर लावलेल्या ट्रॅक्टरची स्थिती याच्या नेमकी उलट होते: भरलेली बकेट पुढे भार टाकते आणि मागची चाके हलकी होतात. अनेक छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक केवळ मागील चाकांवर असतात. उतारावर मागचे चाक हलके झाले की ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरतच जातो. यास्तव उतारावर चारही चाकांची जोडणी चालू ठेवावी लागते, म्हणजे गिअरच्या मार्गाने पुढची चाकेही रोध करतात. शिवाय मागे वजन हवे. हिमफेक यंत्र किंवा पाते मागे असेल तर ते वजन आपोआप मिळते. नसेल तर काँक्रीट भरलेली पेटी अडकविली जाते.

टायरमध्ये पाणी भरून वजन वाढविण्याची पद्धत आपल्याकडेही आहे. तेथे साधे पाणी भरले तर ते गोठेल. म्हणून पूर्वी कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण भरीत. ते पाण्यापेक्षा जड असते व कडक थंडीतही गोठत नाही, परंतु ट्यूब गळू लागली की लोखंडी चाक गंजवून टाकते. अलीकडे बीटपासून साखर काढल्यानंतर उरणारा दाट रस त्याऐवजी भरला जातो. तो गंज धरू देत नाही आणि वजनालाही उणा नाही. साखर कारखानदारीच्या प्रदेशातील वाचकांना आपली मळी आठवल्यावाचून राहणार नाही.

एवढे करूनही गोठलेल्या बर्फावर रबराचा निभाव लागत नाही. तेथे मागील चाकांना लोखंडी साखळ्या बांधाव्या लागतात. साखळी बांधण्यापूर्वी चाक आणि मडगार्ड यांमध्ये तिला फिरण्यापुरती जागा आहे किंवा कसे, हे मोजून पाहिले जाते. हे काम ऑक्टोबरच्या उन्हात अर्ध्या तासाचे असते, जानेवारीच्या रात्री अर्ध्या दिवसाचे.

थिजणारे इंधन

महाराष्ट्रात थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. डिझेलचेही काहीसे तसेच आहे. त्यात मेणासारखे घटक असतात. तापमान शून्याखाली काही अंश उतरले की त्यांचे स्फटिक बनू लागतात, गाळणी तुंबते आणि इंजिन बंद पडते. म्हणून थंड प्रदेशांतील पंपांवर हिवाळ्यात निराळ्या मिश्रणाचे डिझेल विकले जाते. सप्टेंबरमध्ये भरून ठेवलेले उन्हाळी डिझेल टाकीत तसेच राहिले, तर पहिल्या कडाक्यात ट्रॅक्टर दगा देतो. न थिजण्यासाठी मिसळावयाचे औषधही डिझेल थिजण्यापूर्वीच टाकावे लागते. नंतर त्याचा उपयोग होत नाही.

उणे अठरा अंशांत बॅटरीची शक्ती निम्म्याच्या आसपास येते, आणि त्याच वेळी तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरविण्यास अधिक शक्ती लागते. यावर उपाय म्हणून इंजिनमध्ये एक लहान विद्युत तापक बसविलेला असतो. रात्री किंवा सुरू करण्यापूर्वी दोन-तीन तास तो घरच्या विजेवर लावून ठेवला की सकाळी इंजिन फारशी कुरकुर न करता सुरू होते. रेडिएटरमध्ये ग्लायकॉल व पाणी समप्रमाणात असेल तर ते मिश्रण उणे पस्तीसपर्यंत टिकते. इंजिन सुरू झाल्यावरही हायड्रॉलिक तेल पातळ होईपर्यंत दहा मिनिटे थांबणे इष्ट असते. अर्थात हे थांबणे बाहेर करावयाचे. बंद शेडमध्ये धूर कोंडून माणसे गुदमरल्याची उदाहरणे आहेत.

जमिनीची तयारीही गोठण्यापूर्वीच उरकावी लागते. वाटेच्या दोन्ही कडांना उंच काठ्या रोवल्या जातात, कारण सर्वत्र पांढरे झाल्यावर वाट कोठली आणि चर कोठला हे उमगत नाही. खडीची वाट असेल तर टेकूंच्या साहाय्याने पाते जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर उंच ठेवतात आणि पहिले हिम थोडे दबू देतात. त्या थराखाली खडी गोठून बसली की पुढे ती उखडत नाही.

सर्वाधिक अपघात हिमफेक यंत्राच्या तोंडाशी होतात. ओले हिम नळकांड्यात तुंबते आणि माणूस ते हाताने काढू पाहतो. इंजिन बंद असले तरी अडकलेल्या पंख्यात ताण शिल्लक असू शकतो. अडथळा निघताच तो फिरतो व बोटे जातात. म्हणून इंजिन बंद करून, पंखा थांबल्याची खात्री करून, केवळ काठीनेच तुंबलेले हिम काढावे, असे प्रत्येक यंत्रावर चित्रासह लिहिलेले असते. तरीही दरवर्षी इस्पितळांत असे रुग्ण येतात. पी.टी.ओ. दांड्यावरील आवरण काढून न टाकणे, आणि उलटण्यापासून रक्षण करणारी चौकट असेल तर आसनाचा पट्टा बांधणे, या गोष्टी महाराष्ट्रातील ट्रॅक्टरचालकांनाही तितक्याच लागू आहेत.

आपल्या वाटेवरील हिम सार्वजनिक रस्त्यावर किंवा रस्त्यापलीकडे ढकलण्यास व्हरमाँटच्या कायद्याने मनाई आहे. एकाने टाकलेला ढीग रात्री गोठला तर दुसऱ्याची मोटार त्यावर आदळते. टाउनच्या सभेत याविषयीच्या तक्रारी ऐकू येतात, तशाच वाटेच्या तोंडाशी पडणाऱ्या त्या बांधाविषयीही येतात. बांधाच्या बाबतीत मात्र टाउनचा फाळ काही वेगळे करू शकत नाही. त्याच रात्री त्याला गावचे सारे रस्ते मोकळे करावयाचे असतात, आणि प्रत्येक दाराशी थांबला तर शाळेच्या बसपूर्वी काम उरकणार नाही. अनुभवी गृहस्थ म्हणूनच रस्त्यावरून फाळ जाऊन येईपर्यंत वाटेचे तोंड तसेच ठेवतात आणि आतली वाट आधी साफ करतात. पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टर असलेला शेजारी, आपले काम झाले की, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या वाटेवरूनही एक फेरी मारतो.

मार्च-एप्रिलमध्ये हिम वितळते, खडीचे रस्ते चिखलाने भरतात आणि साखळ्या उतरविल्या जातात. ट्रॅक्टरला चिकटलेले रस्त्यावरचे मीठ गोड्या पाण्याने धुऊन काढतात, हिमफेक यंत्राला ग्रीस भरून ते शेडमध्ये ठेवतात. कडेच्या काठ्या उपटल्या जातात, आणि हिवाळाभर यंत्राने हिरवळीवर उडविलेली खडी दाताळ्याने ओढून पुन्हा वाटेवर आणली जाते.