श्रोणीच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रियेनंतरची जीवनगुणवत्ता : एक विवेचन

प्रस्तावना :
दोन्ही बाजूंची नितंबास्थी व मागील त्रिकास्थी यांनी बनलेले कमरेचे हाडांचे कडे म्हणजे श्रोणी होय. धडाचा भार याच कड्यातून पायांकडे जातो. मूत्राशय, गुदाशय, मोठ्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांना त्याचेच संरक्षण लाभते. वाहन अपघातात किंवा उंचावरून पडून हे कडे मोडले, तर प्रथम रुग्णाचे प्राण वाचविणे महत्त्वाचे ठरते. त्यानंतर पट्ट्या व स्क्रू यांच्या साहाय्याने हाडे स्थिर केली जातात. परंतु क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसले, तरी वेदना, लंगडणे, मूत्रविषयक व लैंगिक तक्रारी, तसेच नैराश्य मागे राहू शकते.

मापनाची पद्धती :
शस्त्रक्रियेचे फलित मोजण्यासाठी मजीद यांनी १९८९ मध्ये मांडलेली गुणांकनपद्धती आजही वापरली जाते. तीत वेदनेस ३०, कामास २०, बसण्यास १०, लैंगिक संबंधास ४ आणि उभे राहणे व चालणे यांस ३६ असे एकूण १०० गुण आहेत. ८५ पेक्षा अधिक गुण मिळाल्यास फलित 'उत्कृष्ट' मानले जाते. दुखापतीपूर्वी काम न करणाऱ्या व्यक्तीसाठी कमाल गुण ८० धरले जातात.

पद्धतीच्या मर्यादा :
या विभागणीनुसार वैवाहिक जीवन पूर्णतः विस्कळीत झालेला रुग्णही, इतर बाबतींत बरा असल्यास, ९६ गुण मिळवून 'उत्कृष्ट' ठरतो. जमिनीवर मांडी घालून वा उकिडवे बसता येते काय, हा प्रश्न या पद्धतीत स्वतंत्रपणे विचारलेला नाही. भारतीय घरांत जेवण, पूजा, शौच व शेतीची अनेक कामे याच बैठकींवर अवलंबून असतात. तसेच पाणी भरणारी, धुणे धुणारी गृहिणी 'काम न करणारी' गणली गेल्यास तिची कार्यहानी नोंदीतून निसटते.

निष्कर्ष :
म्हणून केवळ एका गुणसंख्येवर विसंबून राहणे योग्य नाही. शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचे आठ पैलू तपासणारी छत्तीस प्रश्नांची एसएफ-३६ ही प्रश्नावली तिच्या जोडीला वापरता येते. त्याबरोबरच खाली बसणे, घरकाम व वैवाहिक जीवन यांविषयी डॉक्टरांनी एकांतात, आपणहून विचारणा करावी. कारण संकोचामुळे रुग्ण, विशेषतः स्त्रिया, या तक्रारी स्वतः मांडत नाहीत आणि उपचारांपासून वंचित राहतात.